खिंडीखालची दावण

बुधवार, ३ तारीख

ह्या मोसमातली पहिली सहल निघाली. सहा दिवस, तीन पाहुणे, आठ जनावरं आणि आम्ही दोघं. लग्नाआधी मी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचे, घोडा पाहिला तो चित्रातच. हे दुसरं वर्ष. तंग आवळताना घोडा पोट फुगवून फसवतो, एवढं आता मला कळतं. हा म्हणतो, एवढं कळलं म्हणजे निम्मं कळलं. (हा म्हणजे नवरा. वही माझी आहे, 'हा' पुरे.)

पाहुण्यांत एक निवृत्त गणिताचे मास्तर आणि त्यांच्या बाई. तिसरे रंगांच्या दुकानाचे मालक, त्यांना आम्ही आपसात रंगवाले म्हणतो. रंगवाल्यांनी निघण्याआधीच विचारलं, "ताई, घोड्याला ब्रेक कुठे असतो?" सहा दिवस करमणुकीची चिंता नाही.

शुक्रवार, ५ तारीख

सहा घोडे गेले. माणसं सगळी आहेत. अक्षर नीट येत नाही. उद्या लिहीन.

शनिवार, ६ तारीख

दुपारी थांबलोय. मास्तरीणबाईंच्या टाचांना फोड आलेत, त्यांनी पाय ओढ्यात सोडलेत. लिहून टाकते, नाहीतर डोक्यात तेच ते फिरत राहील.

काल तीनच्या सुमाराला आम्ही खिंड उतरलो. ह्याचा बेत आणखी दोन तास उतरून खालच्या सपाटीवर मुक्काम करायचा होता. मास्तरीणबाई खोगिरावर पार वाकल्या होत्या. खरं तर माझेच गुडघे बोलत होते, पण मी त्यांचं नाव पुढे केलं. "इथेच थांबू या, बाईंना नाही झेपायचं," म्हणाले. त्याने आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळं होतं, पलीकडच्या डोंगरामागे एक ढग तेवढा. "बरं, थांबू," म्हणाला. माझं ऐकून थांबला.

तिथे दोनच उंच झाडं होती. मुक्कामाला आम्ही दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणतो आणि घोडे ओळीने त्याला बांधतो, तीच आमची दावण. आमचा दोर आदल्या दिवशी भोपळा नावाच्या घोड्याने चावून चावून सुतळी केला होता. म्हणून ह्याने सामानातून तारेचं वेटोळं काढलं. वाटेतल्या लाकडी पुलाचा कठडा दुरुस्त करायला आणली होती ती तार. रंगवाले म्हणाले, "काय हो, घोडे वाळत घालताय का?" सगळे हसलो.

सात जनावरं दावणीवर. आठवी म्हणजे आमची म्हातारी घोडी, आत्याबाई. तिच्या गळ्यात घंटी असते आणि ती कधी लांब जात नाही, म्हणून तिला मोकळीच ठेवतो.

चार वाजून गेले असतील. मी तंबूत चहा गाळत होते, पाहुणे माझ्याभोवती बसले होते. तो ढग कधी डोक्यावर आला कळलं नाही. पाऊस नव्हता, वारा नव्हता. हा म्हणाला, "जनावरं चुळबुळतायत, सोडून देतो," आणि दावणीकडे निघाला.

आवाज मला आठवतच नाही. सगळं पांढरं झालं आणि तोंडात लोखंडाची चव आली. हातात गाळणी होती, मी गाळतच राहिले. दोन कप भरले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला साखर कमी." मग मी बाहेर पाहिलं.

घोडे ओळीने पडले होते, बांधले होते त्याच क्रमाने. तार तुटली नव्हती. तोंडावरच्या म्होरक्यांच्या दोऱ्यांनी माना वर ओढून धरल्या होत्या, अंगं खाली. वाटत होतं, हाक मारली तर उठतील.

हा दावणीपासून दहा पावलांवर पालथा पडला होता. मी पोहोचायच्या आत आपला आपण उठला. मी ओरडत होते, "जाऊ नकोस, तारेला हात लावू नकोस!" त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ गेला आणि एकेकाची म्होरकी काढायला लागला. भोपळा, मिरी, राखाडी, पाटलीण, धाकटी, उंटीण. म्होरकी काढायची, डोकं दोन्ही हातांनी हळू जमिनीवर टेकवायचं आणि पुढच्याकडे जायचं. टोकाचा कोळसा तेवढा जिवंत होता. तो तासाभराने उठून उभा राहिला, चारी पाय फाकवून, नुकतंच जन्मलेलं शिंगरू उभं राहतं तसा.

मास्तर बाजूला उभे राहून मोजत होते. सहा. परत मोजले. माणूस चाळीस वर्षं गणित शिकवून आलेला, आणि सहापर्यंत तीन वेळा मोजलं.

ह्याच्या कानाखाली रक्ताचा ओघळ होता. पुसायला गेले तर "खरचटलंय" म्हणून माझा हात बाजूला केला.

रविवार, ७ तारीख

घरी पोहोचलो. दोन दिवस पायी. खोगिरं ताडपत्रीखाली वरच सोडली. आत्याबाईवर मास्तरीणबाईंना बसवलं. कोळसा रिकामाच चालला, थरथरत. रंगवाले दोन दिवसांत एकदाच बोलले, "माझ्याखालची मिरी होती. तिला मी ब्रेक विचारत होतो."

हा सगळ्यांच्या मागे, आत्याबाईच्या बरोबरीने. नजर सतत तिच्या कानांवर. वाटेकडे नाही, माझ्याकडे नाही, घोडीच्या कानांकडे. तीन वेळा मी मागे जाऊन त्याच्या शेजारून चालले आणि बोलायचा प्रयत्न केला. एका शब्दाचं उत्तर नाही. स्वतःहून मात्र "हळू", "पाणी प्या", "डावीकडून" असं पाहुण्यांना सांगत होता.

मला कळतंय तो का बोलत नाही. थांबू या मीच म्हणाले होते.

बाबा फाटकाशी उभे होते. बाबा म्हणजे माझे सासरे. हा सगळा पसारा त्यांनी उभा केला, आता गुडघ्यांमुळे चढण बंद आहे. दोन घोडे आत आले आणि ते वाटेकडेच बघत राहिले. "बाकीची मागून येतायत का?" हा त्यांच्या बाजूने सरळ तबेल्यात गेला. सांगायचं माझ्यावर आलं. बाबा फाटकाला धरून खाली बसले. धाकटीला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

मंगळवार, ९ तारीख

जनावरांचे डॉक्टर कोळशाला तपासून गेले. मागच्या पायाच्या आतून केस जळालेत, बाकी बरा होईल म्हणाले.

हा एकदम म्हणाला, "तारेमुळे झालं का?" म्हणाला कसला, ओरडलाच. डॉक्टर नळावर हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "तसं नाही सांगता येत. वीज त्या झाडावरच पडली. ओला दोर असता, नुसती जमीन असती, तरी इतक्या जवळ वाचले नसते. मी एका झाडाखाली चाळीस मेंढ्या गेलेल्या पाहिल्यात, तिथे कसली आली तार."

डॉक्टर हात पुसत वळले, तर ह्याने परत तेच विचारलं, आणखी मोठ्याने. "तारेमुळे झालं का?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. दुःखाने माणूस कसा होतो ते बघवत नाही. डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

तार त्याच्या मनात का घर करून बसलीय कळत नाही. तार काय, दोर काय. जागा चुकली, ती माझी.

शनिवार, १३ तारीख

शेजारच्या पागेवाल्याला आणि त्याच्या खेचरांना घेऊन हा बुधवारी खोगिरं आणायला गेला होता, आज आला. पागेवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, चार दिवस माणूस माझ्याशी बोलला नाही, घोडे देशील का एवढं एकदा विचारलं, मी मान हलवली, बस्स. मी एवढा बडबड्या, शेवटी खेचराशी बोलायला लागलो."

तिथे काय दिसलं ते मी विचारलं नाही. पागेवाल्याने आपणहून सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही.

हा गेल्यावर फोन खूप आले. बातमी पसरलीय. आता तो घरात आहे, फोन त्याच्या हाताशी वाजत असतो आणि हा ढिम्म. आज मी ओट्यापाशी होते, हात बरबटलेले. "अरे, उचल की!" म्हटलं. उचलला नाही. मी धावत आले तेव्हा मला बघून म्हणाला, "तूच घेत जा ह्यापुढे." लोकांशी बोलायचंच नाही म्हणतो.

संध्याकाळी आत्याबाई अंगणात चरत होती. हा बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "तिची घंटी काढून ठेवलीस का? की आतला लोलक पडला?" घंटी तर चांगली खणखणत होती. मी म्हटलं, "वाजतेय की, ऐक ना." तो माझ्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिला आणि आत गेला. माझी इतकी चीड आलीय की साधं उत्तरही सहन होत नाही.

रविवार, १४ तारीख

जेवताना बाबांनी विषय काढला. पंचवीस तारखेला पाच जणांची सहल ठरलेली आहे. ती रद्द करावी असं त्यांचं म्हणणं. ते ताटाकडे बघत बोलत होते, "जनावरं नाहीत, तुझं मन थाऱ्यावर नाही, एक महिना थांब." त्यांचं बोलणं चालू असतानाच हा मध्येच म्हणाला, "पंचवीसची सहल मी नेणार. पागेवाला सात घोडे देतोय."

बाबांनी घास खाली ठेवला. "मी काय भिंतीशी बोलतोय?" ह्याने भाजी वाढून घेतली. बाबा ताटावरून उठले. माझ्या सासऱ्यांना अन्नावरून उठताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मंगळवार, १६ तारीख

कोळशाला चढाची सवय व्हावी म्हणून हा त्याला आणि आत्याबाईला घेऊन कड्याखालच्या वाटेने गेला होता. मी खालच्या वळणावर चारा कापत होते. वरून दगड सुटले. आधी लहान, मग एक घमेल्याएवढा, कड्यावर आपटत, गडगडत. मी जिवाच्या आकांताने ओरडले. तो वाटेच्या मधोमध, पाठमोरा, संथ चालतोय. दगड त्याच्यावर येतोय हे मला इथून दिसत होतं आणि त्याला तिथे ऐकू येत नव्हतं असं कसं म्हणू? आत्याबाईने कान टवकारले आणि झटकन कड्याला अंग लावलं. तेव्हा कुठे तो तिच्यामागे सरकला. दगड एका हातावरून खाली गेला.

मी धावत वर पोहोचले. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं. म्हणाला, "काही नाही झालं." एवढंच.

तो मुद्दाम सरकला नाही. दुसरं काय समजू? ह्या माणसाला जगायचं नाही. आणि रोज ज्या तोंडाकडे बघून त्याला ते सहा घोडे आठवतात, ते तोंड माझं आहे.

गुरुवार, १८ तारीख

सांगून टाकलं.

खोगिरांच्या खोलीत तो दाराकडे पाठ करून चामड्याला तेल लावत बसला होता. समोर जायचा धीर झाला नाही. दारातच उभी राहिले आणि त्याच्या पाठीला सगळं सांगितलं. बाई दमल्या नव्हत्या, मी दमले होते. बाईंचं नाव पुढे करून मी खोटं बोलले. तू खालच्या सपाटीवर गेला असतास तर सगळे आज तबेल्यात असते. तू मला शिवी दिली असतीस तरी चाललं असतं, पण हे असलं न बोलणं मला सोसवत नाही. उद्या सकाळच्या बसने मी आईकडे जाते. मी समोर नसले तर तुला जरा बरं वाटेल. तुला वाटलं तर बोलाव, नाहीतर नको बोलावूस.

फडकं तेलात बुडवत होता, घासत होता. एकदाही थांबला नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. त्याने ते खोगीर खुंटीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं.

एवढंच उत्तर.

शुक्रवार, १९ तारीख

दुपार. आईकडे गेलेले नाही.

सकाळी बॅग घेऊन अंगणात आले. बाबांच्या पाया पडून सांगितलं होतं, चार दिवस आईकडे. ते "बरं" म्हणाले, त्यांनाही वाटत असेल आपणही कुठेतरी निघून जावं. हा तबेल्यातून पाण्याची बादली घेऊन येत होता. मला बघून थबकला. बॅगेकडे पाहिलं.

"कुठे निघालीस?"

मला रागच आला. "काल सांगितलं ना."

"काल? काल कधी सांगितलंस?"

मी तोंड फिरवलं. डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते. फाटकाकडे बघत म्हणाले, "खोगिरांच्या खोलीत. अर्धा तास बोलत होते मी. तुला ऐकायचंच नव्हतं तर तसं सांगायचंस."

मग बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. असा घाबरलेला चेहरा मी विजेच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

"इकडे बघून बोल," म्हणाला. "मला नाही कळत."

मी म्हटलं, "काय नाही कळत?"

"ऐकू येत नाही मला."

तो मोठमोठ्याने बोलत होता आणि आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. "डाव्या कानात काहीच नाही. उजव्यात पाण्याखालून आल्यासारखं. त्या दिवसापासून. वाटलं होतं दोन दिवसांत उघडतील."

बाबा ओसरीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, सगळ्या आळीने ऐकलं असेल.

चौदा दिवस. मी ह्या वहीत पानंच्या पानं लिहिली, की तो माझ्यावर चिडलाय, त्याला जगायचं नाही, तो मला बघूही शकत नाही. आता मागे जाऊन वाचतेय. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. डॉक्टरांना त्याने दोनदा विचारलं. फोन. घंटी. मी लिहीत गेले आणि मला एक अक्षर वाचता आलं नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"बहिऱ्या वाटाड्याच्या मागे कोण येईल? मला दुसरं काय येतं?"

"आणि पंचवीसला पाच माणसं घेऊन जाणार होतास? मंगळवारचा तो दगड—"

"आत्याबाईचे कान बघून चालतो मी. जमतं." मग स्वतःच म्हणाला, "नाही जमत. त्या दिवशी कळलं."

आम्ही खोगिरांच्या खोलीत जाऊन बसलो. तो म्हणाला, "काल काय सांगितलंस ते परत सांग. पहिल्यापासून. सावकाश."

पाठीला सांगणं सोपं होतं. आता तो माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हता आणि मला एकेक शब्द तोडून, तोंड उघडून म्हणावा लागत होता. मी. दमले. होते. बाई. नाही. मध्येच मला हुंदका आला तर म्हणाला, "थांब, रडताना तोंड वेडंवाकडं होतं, कळत नाही." आम्ही दोघंही हसलो. कसं हसू आलं कोण जाणे.

सगळं ऐकून म्हणाला, "जागा मला नको असती तर मी थांबलो नसतो. मीसुद्धा दमलो होतो. तार मात्र मी बांधली. रंगवाले म्हणाले घोडे वाळत घालताय का, तेव्हासुद्धा मनात आलं, की दोर गाठी मारून चालला असता. आळस केला. डॉक्टरांना विचारलं तर ते बोललेच नाहीत. म्हणजे खरंच असणार."

"बोलले होते," मी म्हटलं. "ते बोलले होते रे. तू पाठीमागे होतास."

आणि मग मी डॉक्टरांचं वाक्य त्याला सांगितलं. जसंच्या तसं, ओला दोर, नुसती जमीन, चाळीस मेंढ्या. त्याने मला ते चार वेळा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले, म्हणून मी थांबले.

सोमवार, २२ तारीख

शनिवारी शहरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही पडदे फाटलेत. उजवा शिवता येईल म्हणाले, बराचसा येईल. डाव्याची आशा धरू नका. पंधरा दिवस आधी आला असता तर, असं काहीतरी म्हणायला लागले, मग माझ्याकडे बघून थांबले. ते मी ह्याला सांगितलेलं नाही. सांगेन. लपवायचं नाही असं ठरलंय, पण आज नाही.

आज सकाळी बाबांनी खुर्ची ओढत आणली, मुलाच्या अगदी समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लावून बसले. म्हणाले, "मला वाटलं तू मला उत्तर देत नाहीस." हा म्हणाला, "काय?" बाबांनी परत म्हटलं. तीन वेळा म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांचाच आवाज गेला.

दुपारी मी पंचवीसच्या सहलीवाल्या बाईंना फोन लावला. हा शेजारी बसला, माझ्या तोंडाकडे बघत. मी खरं ते सांगितलं, सगळं, कानांसकट. हा मोसम आमचा नाही. दुसऱ्या वाटाड्याचा नंबर देते. त्यांनी एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"पुढच्या वर्षी न्याल का, विचारत होत्या."

"तू काय म्हणालीस?"

"माहीत नाही म्हटलं."

त्याने विचार केला. "बरोबर सांगितलंस," म्हणाला, इतक्या मोठ्याने की तबेल्यातून कोळसा खिंकाळला. हा तसाच बसून होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याने वर पाहिलं, आणि मी सांगितलं, "कोळसा ओरडला."

"कसा?" त्याने विचारलं.

मी खिंकाळून दाखवलं.